सत्तर टक्क्यांची पेटी

मी सिगारेट ओढत नाही. सिगार तर नाहीच नाही. तंबाखू वाईट याबद्दल माझं दुमत नाही. तरीसुद्धा गेले दोन वीकेंड मी सिगारच्या पेटीचा इतिहास वाचण्यात घालवले आहेत. कारण सांगतो.

माझा एक मित्र यंदा फेब्रुवारीत दोन वर्षांसाठी ऑनसाईटला गेला, जर्मनीला. जाताना फ्लॅट भाड्याने दिला, बाईक विकून टाकली आणि एक लाकडी पेटी माझ्याकडे आणून ठेवली. त्याचे बाबा मर्चंट नेव्हीत चीफ इंजिनियर होते. तीन वर्षांपूर्वी ते गेले. शेवटच्या काही सफरींमध्ये बोट हवानाला लागली होती, तेव्हा त्यांनी पंचवीस सिगार घेतले होते. मग एक मुलाच्या इंजिनियरिंगच्या निकालाला, एक त्याच्या पहिल्या पगाराला, एकेक दिवाळीला... असं करत करत अकरा उरले. मित्रही ओढत नाही. "नुसती उघडायची आणि वास घ्यायचा. बाबा आल्यासारखं वाटतं. सांभाळ रे," म्हणाला.

झाकणाच्या आत एक छापील चिठ्ठी चिकटवलेली होती. दर आठवड्याला आतल्या स्पंजला डिस्टिल्ड वॉटर घाला, काटा ७० टक्क्यांवर ठेवा, बस्स. आता इंजिनियर माणसाला लेखी सूचना दिल्या की काय होतं ते तुम्हाला माहीत आहेच. मी मोबाईलवर दर रविवारचा रिमाइंडर लावला. फेब्रुवारी ते जुलै, एकही रविवार चुकवला नाही. काटा आपला सत्तरवर ठाम. आणि जुलैच्या शेवटच्या रविवारी पेटी उघडली तर सगळ्या सिगारांवर पांढरट-हिरवा कापूस!

आई मागून डोकावली आणि म्हणाली, "बुरा आलाय. अरे, पावसाळ्यात कुणी पाणी घालतं का?"

सूचना तंतोतंत पाळूनही असं का व्हावं? आईच्या त्या एका वाक्याचं उत्तर शोधता शोधता मी क्युबापासून जिनिव्हापर्यंत फिरून आलो. म्हणजे खुर्चीत बसूनच!

या पेटीला ह्युमिडॉर म्हणतात. आपल्याकडे सिगारला चिरूट म्हणायचे. त्या शब्दाचं मूळ तमिळ 'सुरुट्टु', म्हणजे गुंडाळी. तिरुचिरापल्लीचे चिरूट इंग्रजांच्या काळात एवढे नावाजलेले होते की १८८७ सालच्या पहिल्याच कथेत शेरलॉक होम्स नुसत्या राखेवरून 'हा त्रिचनापल्ली' असं ओळखतो. पण शब्द चिरूट असो की सिगार, वस्तू एकच: पानात पान गुंडाळून केलेली नळी. त्या पानांना थोडा ओलावा लागतो. फार कोरडी झाली तर वरचं पान तडकतं, आतला तेलकट सुवास उडून जातो, धूर घसा जाळतो. फार ओली झाली तर पेटत नाही आणि बुरशी धरते. आपलं सगळं स्वयंपाकघर पापड, कुरडया, शेवया सादळू नयेत म्हणून झटत असतं. ह्युमिडॉर ही बरोबर उलटी वस्तू आहे. मुद्दाम थोडंसं सादळलेलं ठेवायची पेटी! आणि सगळी मेख त्या 'थोडंसं' मध्ये आहे.

गंमत म्हणजे सिगारचा जन्मच सूक्ष्मजीवांच्या हातून होतो. क्युबाच्या पश्चिमेला पिनार देल रिओ प्रांतात वुएल्ता अबाहो नावाचा भाग आहे, तिथलं पान सर्वात नावाजलेलं. ते खळ्यावरच्या उंच शेडमध्ये टांगून वाळवतात आणि मग त्याच्या गंज्या रचतात. आपल्या शेणखताच्या ढिगासारख्या या गंज्या आतून तापतात. पान आंबतं, त्यातला अमोनिया निघून जातो, कडूपणा मरतो. पुढे सिगार वळायच्या आधी पान परत ओलं करतात, कारण कोरडं पान वळताना फाटतं. ओलं केल्यावर पानांची जुडी झटकून पाणी निथळून टाकतात. पानावर थेंब राहिला तर डाग पडतो आणि पुढचं संकट तिथूनच सुरू होतं.

वळून झालेला ताजा सिगार म्हणजे ओलाच. म्हणून कारखान्यातच तो देवदारासारख्या सुवासिक लाकडाच्या मोठ्या कपाटात काही आठवडे ठेवतात. स्पॅनिशमध्ये या कपाटाला 'एस्कापाराते' म्हणतात. तिथे थंडावा असतो आणि आर्द्रता ६५ ते ७० टक्के राखलेली असते. हे वाचलं आणि मी खुर्चीत सरळ बसलो. कारण या कपाटाचं काम सिगारला ओलावा देणं नाहीच. जास्तीचं पाणी काढून घेणं हे आहे! म्हणजे हवानात सिगारच्या आयुष्यातली पहिली पेटी ही वाळवणाची पेटी असते.

मग ती पाणी घालायची पेटी कधी झाली? तर सिगार उत्तरेला निघाला तेव्हा.

एच. उपमान नावाच्या जर्मन बँकरने १८४४ साली हवानात सिगारचा कारखाना काढला. युरोपातल्या गिऱ्हाइकांना सिगार लाकडी खोक्यातून पाठवायची पद्धत त्यानेच पाडली असं सांगतात. आधी सिगार नुसते जुड्या बांधून जायचे. या खोक्यांच्या लाकडाला 'स्पॅनिश सीडर' म्हणतात, पण ते ना स्पेनचं ना सीडर. सेड्रेला ओडोराटा हे मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं झाड, महोगनीचं भावंड आणि आपल्या कडुनिंबाच्याच कुळातलं. आपल्याकडचा तून वृक्षही त्याच कुळातला, पूर्वी वनस्पतिशास्त्रज्ञ त्यालाही सेड्रेलाच म्हणत. इंग्रजांच्या काळात भारतात तुनाच्या लाकडाच्या सिगारपेट्या व्हायच्या. हे लाकूड ओलावा पितं आणि गरज पडली की परत सोडतं, वास्तवात ती एक बॅटरीच आहे, पाण्याची. शिवाय त्याच्या वासाने किडे जरा लांब राहतात. या झाडाची इतकी तोड झाली की २०२० पासून त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार नियंत्रणाखाली आहे.

पण खोक्यातून लंडनला किंवा न्यूयॉर्कला पोचलेल्या सिगारसमोर वेगळंच संकट उभं असायचं. हिवाळा. इथे थोडं गणित करू, लहानसंच आहे. शून्य अंश सेल्सियसला एका घनमीटर हवेत जास्तीत जास्त ५ ग्रॅमच्या आसपास वाफ मावते. तीच हवा घरात घेऊन शेकोटीने २१ अंशांपर्यंत तापवली की तिच्यात १८ ग्रॅम मावू शकतात, पण आहेत मात्र तेच ५. म्हणजे आर्द्रता सुमारे २७ टक्के! अशा खोलीत सिगार आठवडाभर उघडा ठेवला तर हातात चुरा होतो. होम्सवाल्या कथांमध्येच वॉटसन कुरकुरतो की हा माणूस सिगार कोळशाच्या बादलीत ठेवतो. ती १८९३ मधली गोष्ट आहे. शेकोटीशेजारची कोळशाची बादली ही सिगार ठेवायला अख्ख्या लंडनमधली सगळ्यात वाईट जागा असणार, हे मला आत्ता कळलं. :-)

तर अशा कोरड्या, शेकोटीने तापवलेल्या घरांसाठी पाणी घालायची पेटी आली. आल्फ्रेड डनहिलने १९०७ साली लंडनच्या ड्यूक स्ट्रीटवर तंबाखूचं दुकान काढलं आणि पुढे श्रीमंतांचे सिगार सांभाळून ठेवायची सोय केली. एप्रिल १९४१ मध्ये जर्मन बाँबहल्ल्यात ते दुकान उद्ध्वस्त झालं, तेव्हा मध्यरात्री चर्चिलना फोन करून 'तुमचे सिगार सुरक्षित आहेत' असं कळवलं गेलं, अशी दंतकथा आहे. खरी असो वा नसो, पेटीतला ऐवज लोकांना किती जिवाचा वाटायचा हे त्यातून कळतं.

जिनिव्हाची गोष्ट जास्त रंजक आहे. १७८३ साली तिथल्याच ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर या शास्त्रज्ञाने माणसाच्या केसावर चालणारा आर्द्रतामापक जगासमोर मांडला. दमट हवेत केस किंचित लांबतो, कोरड्या हवेत आखडतो. केसाला काटा जोडला की झालं यंत्र. पुढे त्याच गावात झिनो डेव्हिडॉफ आला. १९०६ साली कीवमध्ये जन्मलेला, १९११ मध्ये कुटुंबाबरोबर जिनिव्हाला आलेला तंबाखूवाल्याचा मुलगा. तरुणपणी तो लॅटिन अमेरिकेत भटकला, क्युबात तंबाखूच्या शेतात राहिला, आणि १९३० च्या सुमाराला परत येऊन वडिलांच्या दुकानाच्या तळघरात तापमान आणि आर्द्रता राखलेली सिगारची खोली केली. थोडक्यात काय, तर हवानाचं हवामान त्याने आल्प्सच्या पायथ्याशी आणून एका खोलीत कोंडलं.

अमेरिकेत तर ही पेटी राजकारणाशी जोडली गेली. फेब्रुवारी १९६२ मध्ये केनेडींनी क्युबाच्या मालावर बंदीचा हुकूम काढला. त्यांचे प्रेस सेक्रेटरी पिएर सॅलिंजर यांनी नंतर सांगितलं की सही करायच्या आदल्या रात्री साहेबांनी त्यांना सिगार गोळा करायला पिटाळलं होतं, आणि १२०० मिळाले म्हटल्यावरच सही झाली. त्यानंतर अमेरिकेत बंदीआधीचा क्युबन सिगार ही संपणारी वस्तू झाली. नवा येणार नाही म्हटल्यावर जुना जपणं आलंच. केनेडींना विनोदी नट मिल्टन बर्लने भेट दिलेला अक्रोडाच्या लाकडाचा ह्युमिडॉर १९९६ च्या लिलावात ५,७४,५०० डॉलरला गेला. बरं, पेटीच फक्त!

आता मूळ प्रश्न. सत्तरच का? साठ किंवा ऐंशी का नाही?

याचं उत्तर सिगारवाल्यांनी नाही, अन्न टिकवणाऱ्यांनी दिलं. विल्यम जेम्स स्कॉट या ऑस्ट्रेलियन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात दाखवून दिलं की जंतू वाढतील की नाही हे पदार्थात एकूण पाणी किती यावर ठरत नाही, त्यातलं 'मोकळं' पाणी किती यावर ठरतं. याला वॉटर ॲक्टिव्हिटी म्हणतात. लोणच्यात पाणी असतंच, पण मिठाने ते धरून ठेवलेलं असतं, बुरशीच्या हाती लागत नाही. बंद डब्यातल्या हवेची आर्द्रता म्हणजे आतल्या पदार्थाच्या मोकळ्या पाण्याचंच माप. साठ टक्क्यांच्या खाली काहीच वाढत नाही. बहुतेक बुरशींना ऐंशीच्या वर लागतं. पण ॲस्परजिलससारख्या काही चिवट जाती सत्तरीच्या आसपासही हळूहळू पसरतात. म्हणजे सिगारला हवी असलेली सीमा जिथे संपते, तिथूनच बुरशीची सुरू होते. मध्ये बफर असा नाहीच म्हणा ना. आपण सर्व्हर ९५ टक्के लोडवर चालवतो आणि मग एका सणाला तो झोपतो, तसंच हे.

त्यात एक जुना गोड गैरसमज. सिगारवर कधी कधी पांढरी भुकटी दिसते. शौकीन लोक याला 'ब्लूम' किंवा 'प्लूम' म्हणतात. उत्तम सिगार मुरला की त्यातली तेलं बाहेर येऊन त्यांचे स्फटिक होतात, हे भाग्याचं लक्षण, वगैरे. मीही पहिल्या पाच मिनिटांत हेच शोधून काढलं आणि हुरळून गेलो होतो. मग कळलं की अलीकडच्या काळात काही शौकिनांनी असे 'प्लूम'चे नमुने प्रयोगशाळेत तपासून घेतले तेव्हा ती बुरशीच निघाली. पिढ्यान्‌पिढ्या ज्याला मुरल्याची खूण मानलं, तो बुरा होता. आईला मात्र ते लांबूनच कळलं होतं.

जाता जाता अजून एक गोंधळ दूर करतो. सिगारच्या पुस्तकांत 'ब्लू मोल्ड' हा शब्द सारखा भेटतो, पण तो पेटीतल्या बुरशीबद्दल नसतो. तो शेतातला रोग, पेरोनोस्पोरा. आपल्या नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागायतदारांची झोप उडवणाऱ्या डावणीचा सख्खा चुलतभाऊ. १९७९ मध्ये तो क्युबात घुसला आणि १९८० च्या हंगामात जवळजवळ ९० टक्के पीक खाऊन गेला. पेटीतला बुरा म्हणजे एका घरातलं नुकसान, ते म्हणजे देशाचं. पण दोघांनाही हवं एकच: साचलेला ओलावा.

मग उपाय काय शोधले माणसांनी? आधी स्पंज, सोख्ता, मातीचा तुकडा, अगदी सफरचंदाची फोड. फोडीवर तर पहिली बुरशी यायची आणि तिथून सिगारवर. नळाच्या पाण्यात क्षार आणि जंतू, म्हणून डिस्टिल्ड वॉटर आलं. मग पाण्यात निम्मं प्रॉपिलीन ग्लायकॉल मिसळायला लागले. एक तर ते बुरशीला रोखतं, आणि हवा सत्तरीच्या वर गेली की थोडं पाणी परत ओढून घेतं. शेवटी १९९७ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटात सुरू झालेल्या एका कंपनीने मिठाच्या संपृक्त द्रावणाच्या पुड्या काढल्या. आज त्या बोव्हेडा नावाने मिळतात, गिटारच्या केसमध्येही ठेवतात. यांचं वैशिष्ट्य म्हणजे त्या दोन्ही बाजूंनी काम करतात. कोरडं असेल तर पाणी देतात, दमट असेल तर घेतात. आपल्या भाषेत क्लोज्ड लूप! साधा स्पंज म्हणजे ओपन लूप. त्याला फक्त देणं माहीत.

आणि इथे माझा बग सापडला. ती चिठ्ठी खोटी नव्हती. ती कोरड्या देशातल्या, हीटर लावलेल्या घरासाठी लिहिलेली होती. पुण्यात फेब्रुवारी ते मे ती चाललीही. जूनमध्ये पाऊस सुरू झाला, बाहेरची हवाच ऐंशीच्या पुढे गेली आणि मी त्या हवेत बसून दर रविवारी पाणी घालत होतो. हवानात असलेली वाळवणाची पेटी जिनिव्हा-लंडनमध्ये पाण्याची पेटी झाली आणि ती तशीच्या तशी परत पावसाच्या देशात आली. सूचना मात्र कुणी बदलल्या नाहीत.

मग काट्याने का नाही सांगितलं? त्याचीही परीक्षा घेतली. मिठाचं संपृक्त द्रावण बंद जागेतली हवा ७५ टक्क्यांवर आणून ठेवतं, तापमान थोडं इकडेतिकडे झालं तरी फार फरक पडत नाही. बाटलीच्या बुचात घरचं मीठ घेतलं, चार थेंब पाणी घालून भिजवलं, काट्याबरोबर झिपवाल्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवलं. सकाळी काटा ६६ वर! म्हणजे तो नऊने कमी दाखवत होता. माझे सत्तर खरे एकोणऐंशी होते. पाच महिने मी डॅशबोर्ड बघत होतो, सेन्सर एकदाही तपासला नव्हता. ऑफिसमध्ये कुणी असं केलं असतं तर मीच ओरडलो असतो.

डागडुजी अशी केली. नाकाला मास्क लावून सगळे सिगार गॅलरीत काढले, कारण बुरशीचे कण घरात उडवायचे नाहीत. एकेक सिगार मऊ ब्रशने हलकेच झाडला, कोरड्या कापडाने पुसला. ज्यांच्या टोकाला, पानांच्या आत बुरशी शिरली होती असे चार टाकून दिले. आत गेलेली बुरशी पुसून निघत नाही आणि त्याला दुसरा इलाज नाही. राहिलेले सात वेगळ्या हवाबंद डब्यात, ६५ टक्क्यांच्या पुडीबरोबर. स्पंज फेकला. पेटी आतून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, चार दिवस पंख्याखाली उघडी ठेवली, डाग राहिला तिथे बारीक पॉलिशपेपर मारला. उन्हात ठेवली नाही, लाकूड वाकलं तर झाकण बसत नाही. आता आत नवा, तपासलेला डिजिटल मीटर आहे.

हे सगळं झाल्यावर सगळ्यात अवघड काम उरलं. मित्राला फोन. दोन दिवस टाळलं. शनिवारी रात्री शेवटी लावला आणि एका दमात सांगून टाकलं, चार गेले म्हणून.

पलीकडे बराच वेळ शांतता. मग तो म्हणाला, "अरे हो... बाबा मृगाच्या आसपास तो स्पंज काढून ठेवायचे आणि दसऱ्याला परत घालायचे. मी बघायचो लहानपणापासून. तुला सांगायचंच राहिलं बघ."

काकांनी ना स्कॉट वाचला असेल, ना मिठाची पुडी पाहिली असेल. पण पेटी कुठल्या देशातली आणि आपण कुठे राहतो, हे त्यांना माहीत होतं.

असो. छापील चिठ्ठी मी काढलेली नाही. तिच्याखाली एक दुसरी चिकटवली आहे, मराठीत, बॉलपेनने: 'मृग ते दसरा पाणी घालू नये. काटा वर्षातून एकदा मिठाने तपासावा.' आणि कंसात, आतल्या सिगारांची संख्या. सात.